वाचकांचे प्रश्न : सामुराईची तलवार, तांदूळ आणि मुंबईचा पावसाळा

मागच्या अंकात सामुराईंवर, म्हणजे जपानच्या जुन्या लढवय्या वर्गावर, लेख आला, त्यावर बरीच पत्रं आली. तलवारीबद्दलचे प्रश्न सगळ्यांत जास्त. पहिलं उत्तर मुद्दाम सविस्तर दिलं आहे, कारण त्या बाबतीत घाईनं केलेलं काम नंतर कुणालाही उलटवता येत नाही.

प्रश्न : आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढले. त्यांनी आणलेली जपानी तलवार माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली. पात्यावर गंजाचे ठिपके आहेत. ओळखीचा एक पॉलिशवाला ती आरशासारखी करून देतो म्हणतो. ही खऱ्या सामुराईची असेल का?
— एक वाचक, गिरगाव

पॉलिशवाल्याला आधी नाही सांगा. जपानी पात्याची कडा, पाठ आणि दोन्हींच्या मधली उभी कंगोऱ्याची रेषा अगदी काटेकोर असते. बफच्या चाकावर ती रेषा गोल होते, पातळ धार तापून मऊ पडते आणि धारेलगतची ढगासारखी पांढुरकी नक्षी पुसली जाते. जपानमधले पात्याचे कारागीर भरड दगडापासून बारीक दगडापर्यंत टप्प्याटप्प्यानं, पाणी वापरून हातानं घासतात. एकदा गोल झालेली रेषा परत आणायची तर धातू खरवडून काढावा लागतो, आणि पातं तेवढं झिजतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. ९ इंचांहून लांब पात्याची तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येते. ती घरात ठेवण्याबद्दल पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत विचारून घ्या, आणि ते होईपर्यंत ती कुठे नेऊ-आणू नका, विकायला काढू नका.

आता ओळख. १९४५ मध्ये जपाननं शरणागती पत्करली तेव्हा ब्रह्मदेशात अनेक ठिकाणी जपानी अधिकाऱ्यांनी समारंभपूर्वक तलवारी खाली ठेवल्या. आजोबांच्या रेजिमेंटची चौथी बटालियन १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकला जपान्यांशी झुंजली होती. त्यामुळे तलवार तिथली असणं अगदी शक्य आहे. पण जपानी सैन्यातली प्रत्येक तलवार सामुराईची नव्हती. १९३५ साली सार्जंट दर्जाच्या सैनिकांसाठी एक नमुना ठरला, त्याची मूठ ओतीव धातूची आणि वरून रंगवलेली, आणि पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला. असा अंक दिसला तर ती कारखान्यात बनलेली आहे. अधिकाऱ्यांच्या तलवारींचे नमुने १९३४ आणि १९३८ चे. त्यांच्या मुठीवर माशाच्या खरखरीत कातड्यावरून फीत गुंडाळलेली असते. आत मात्र काहीही निघू शकतं. यंत्रावर बनवलेलं पातं असेल, किंवा एखाद्या अधिकाऱ्यानं घरातलं तीनशे वर्षांचं पातं नव्या मुठीत बसवून आणलेलं असेल.

खरी माहिती मुठीच्या आत लपलेल्या भागावर असते. मूठ काढण्याची पद्धत अशी. धार वरच्या बाजूला ठेवून पातं म्यानातून हळूच बाहेर काढा, म्हणजे धार म्यानाच्या लाकडाला घासत नाही. मुठीत बांबूची एक छोटी खुंटी असते, सैनिकी तलवारीत कधी दोन. ही खुंटी निमुळती असते, म्हणून बारीक टोकाकडून पितळी दांड्यानं हलके ठोकून ती मागे काढायची. अडकली असेल तर तेलाचा थेंब टाकून एक दिवस थांबा. खुंटी निघाल्यावर मूठ डाव्या हातात धरा, पातं वरच्या दिशेनं तिरकं ठेवा आणि उजव्या मुठीनं डाव्या मनगटावर हलके ठोसे द्या. पातं आपोआप सैल होतं. नाही झालं तर तिथेच थांबा. पकडीनं ओढलं की मुठीचं लाकूड चिरतं.

आतल्या भागाचा गंज घासायचा नाही, एक कणही नाही. जपानी जाणकार त्या गंजावरूनच वय ठरवतात. खोल, एकसारखा, काळपट-तपकिरी गंज जुन्याचं लक्षण, आणि नारिंगी पावडरीसारखा गंज अलीकडचा. एकाहून अधिक भोकं दिसली तर पातं कधीतरी आखूड केलं आहे किंवा नव्या मुठीत बसवलं आहे. कोरलेली अक्षरं एका बाजूला कारागिराची, दुसऱ्या बाजूला तारखेची. तारखेत शोवा शकाचं (सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीचं) वर्ष असेल तर त्यात १९२५ मिळवा : शोवा १७ म्हणजे १९४२. ठोकलेला छोटा तारा दिसला तर ती लष्करानं नेमलेल्या कारागिरानं पारंपरिक पद्धतीनं घडवलेली तलवार. शोवा किंवा सेकी अशा छोट्या शिक्क्यांची पाती सहसा पारंपरिक पद्धतीनं घडवलेली नसतात. दोन्ही बाजूंचे फोटो सरळ वरून, शेजारी पट्टी ठेवून घ्या. पात्याची लांबी टोकापासून पाठीवरच्या खाचेपर्यंत सरळ रेषेत मोजा. ६०.६ सेंटिमीटरच्या वर असेल तर ती लांब तलवारीत मोडते.

देखभालीसाठी जपानमध्ये लवंगेचा किंचित अंश घातलेलं हलकं तेल वापरतात. मुंबईत शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल किंवा मोहरीचं तेल लावू नका, ते काही महिन्यांत चिकट होतं आणि धूळ धरतं. जुनं तेल मऊ सुती कापडानं पुसा, पुसताना हात पाठीकडून धरा, आणि नव्या तेलाचा इतका पातळ थर द्या की बोटाला फक्त ओल जाणवेल. थेंब राहिले तर ते म्यानात उतरतात आणि आतलं लाकूड कुजवतात. एरवी तीन महिन्यांतून एकदा पुरे, पण जून ते सप्टेंबर दर महिन्याला करा. पात्याला बोट लावू नका, घामातलं मीठ मुंबईच्या हवेत काही दिवसांतच डाग पाडतं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आतल्या आत घाम सुटतो. सध्या जे ठिपके आहेत त्यांवर तेल लावून ठेवा, एवढंच. ते वाढणं थांबलं की पुरेसं आहे.

एक शेवटची सूचना. जपानला सहलीला जाताना ती सामानात घालून 'मूळ मालकाच्या घरच्यांना परत देऊ' असा विचार मनात आला तरी करू नका. यंत्रावर बनवलेल्या सैनिकी तलवारीची जपानमध्ये नोंदणी होत नाही, ती जप्त होते. आणि पातं १०० वर्षांहून जुनं निघालं तर आपल्याकडच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकतो. जपानी लोहार पोलादाला हजार घड्या घालतात असं सगळीकडे वाचतो. इतक्या घड्यांनी पोलाद खरंच मजबूत होतं का? आणि पातं वाकतं कशामुळे?
— एक विद्यार्थी, मुलुंड

घड्या हजार नसतात, साधारण १० ते १५ असतात. प्रत्येक घडीला थर दुप्पट होतात, म्हणून १० घड्यांना १,०२४ थर आणि १५ घड्यांना ३२,७६८. हजाराचा आकडा थरांचा आहे, घड्यांचा नाही.

घडी का घालावी लागते, ते कच्च्या मालावरून समजतं. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमोला आजही थंडीच्या दिवसांत मातीची भट्टी पेटते. सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन लोणारी कोळसा तीन दिवस-रात्र थराथरानं टाकला जातो. शेवटी भट्टी फोडून अडीच टनांच्या आसपास एक ढेकूळ निघतं, आणि त्यातलं पहिल्या प्रतीचं पोलाद एक टनापेक्षाही कमी असतं. त्यात कार्बन कुठे जास्त, कुठे कमी, आणि मधे मळी अडकलेली. लोहार ते चपटं करतो, तुकडे करतो, तुटलेल्या कडेचा पोत पाहून निवडतो. मग तुकडे रचून त्यांवर पेंढ्याची राख आणि मातीचा पातळ लेप देऊन तापवतो, म्हणजे वरून लोखंड जळत नाही. घण मारला की मळी ठिणग्यांबरोबर बाहेर पडते. घडी घातली की जास्त कार्बनचा आणि कमी कार्बनचा भाग एकमेकांत मिसळतो. म्हणजे घडीचं काम साफ करणं आणि एकसारखं करणं एवढंच. दर तापवण्याला थोडा कार्बनही जळतो, म्हणून घडी अती झाली की पोलाद मऊ पडतं. सुरुवातीच्या १ टक्क्याहून जास्त कार्बनवरून ते सुमारे ०.६–०.७ टक्क्यांवर आलं की थांबायचं असतं. तुमच्या वर्कशॉपमधलं आजचं पोलाद आधीच एकजिनसी असतं, त्याला घड्या घालून काही मिळत नाही.

मजबुतीचं खरं गमक पुढच्या दोन पायऱ्यांत आहे. पहिली म्हणजे कडक पोलादाच्या आवरणात मऊ लोखंडाचा गाभा घालून दोन्ही एकत्र ठोकणं. दुसरी म्हणजे पाणी देणं. माती, कोळशाची पूड आणि घासदगडाची पूड यांचा लेप पात्याच्या पाठीवर जाड आणि धारेवर अगदी पातळ देतात. साधारण ७५० ते ८०० अंशांवर तापवून पातं पाण्यात घालतात. पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होऊन मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाचं कडक रूप, बनते, जाड लेपाखालची पाठ सावकाश थंड होऊन चिवट राहते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते, म्हणून धारेची बाजू फुगते आणि सरळ घडवलेलं पातं पाठीकडे वाकतं. कमान ठोकून आणलेली नसते, ती मुख्यतः पाण्यातच तयार होते.

चुका इथेच होतात. लोहार हे काम अंधारात करतो, कारण तापमान डोळ्यांनी रंगावरून ओळखायचं असतं. जास्त तापलं तर धारेला उभी चीर जाते, आणि चीर गेलेलं पातं संपलंच, ते दुरुस्त होत नाही. कमी तापलं तर धार कडक होतच नाही. लेप ओला राहिला किंवा तापताना एखाद्या ठिकाणी सुटला तर नको तिथे कडक डाग पडतो. कित्येक आठवड्यांची मेहनत काही सेकंदांत जाते. तरीही जपानमध्ये हे काम करणारे कारागीर आजही आहेत, याचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांना किमान पाच वर्षं गुरूकडे काढून सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि महिन्याला दोनच लांब तलवारी बनवण्याची मुभा असते.

प्रश्न : सामुराईंचा बुशिदो हा निष्ठेचा धर्म हजार वर्षं जुना आहे ना? आमच्या व्याख्यानमालेत वक्त्यांनी तसं सांगितलं.
— एक वाचक, परळ

नाही. बाराव्या शतकाच्या अखेरीस कामाकुराला पहिली लष्करी राजवट बसली, तेव्हाचा सामुराई मुख्यतः घोड्यावरचा तिरंदाज होता, आणि तो स्वतःच्या कसबाला घोडा आणि धनुष्याचा मार्ग म्हणायचा. तलवार दुय्यम होती. पुढे भाले आले, आणि १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्यावर पायदळ महत्त्वाचं झालं. यादवीच्या त्या काळात निष्ठा मोठी चंचल होती. १५८२ मध्ये ओदा नोबुनागा या बलाढ्य सेनानीला त्याच्याच सरदारानं, अकेची मित्सुहिदेनं, क्योतोच्या होन्नो-जी मंदिरात घेरलं. १६०० च्या सेकिगाहाराच्या लढाईत कोबायाकावा हिदेआकी ऐन रणात बाजू बदलून गेला, आणि तोकुगावा घराण्याचं राज्य त्यावर उभं राहिलं.

आचारसंहितेचं लेखन जोरात झालं ते १६०३ नंतर, म्हणजे लढाया संपल्यावर. शांततेत शस्त्रधारी वर्गाला स्वतःचं कारण शोधावं लागलं, म्हणून त्यांनी कर्तव्यावर लिहिलं. आणि त्या काळातही एकमत नव्हतं. १७०३ मध्ये धन्याचा सूड घेणाऱ्या अको संस्थानच्या ४६ सामुराईंना पोट चिरून मरण्याची शिक्षा झाली, तेव्हा निष्ठा मोठी की कायदा, यावर विद्वानांत वाद झाला. ओग्यु सोराई यांनी कायद्याची बाजू घेतली. त्या सामुराईंच्या समाध्या तोक्योच्या सेंगाकु-जी मंदिरात आहेत, आजही लोक तिथे उदबत्ती लावतात. बाकी जगानं बुशिदोचं जे चित्र घेतलं, ते बहुतांशी इनाझो नितोबे यांनी १९०० च्या सुमारास इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातलं आहे. पुस्तक मनापासून लिहिलेलं आहे, पण सातशे वर्षांचा इतिहास म्हणून ते वाचू नये. आपल्या वक्त्यांना हे आदरपूर्वक कळवावं.

प्रश्न : शांततेच्या अडीचशे वर्षांत सामुराई पोट कशावर भरत? वतन असायचं का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, दादर

पगार तांदळात मिळायचा. माप म्हणजे कोकू, सुमारे १८० लिटर, म्हणजे १५० किलोच्या आसपास तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं धान्य. संस्थानांची किंमतही कोकूतच मोजायचे, आणि १०,००० कोकूंच्या वर असेल तर तो दाइम्यो, म्हणजे संस्थानिक. कानाझावाच्या माएदा घराण्याची जहागीर सुमारे १० लाख कोकूंची. मात्र १०० कोकूंची जमीन म्हणजे हातात १०० कोकू नव्हेत. चार हिस्से जमीन मिळालेल्या सामुराईचे आणि सहा शेतकऱ्याचे, असा हिशोब धरला तर साधारण ४० कोकू पदरात पडत. बहुतेकांकडे जमीन नव्हतीच, कोठारातून थेट तांदूळ मिळायचा.

पोटापुरता तांदूळ ठेवून उरलेला विकावा लागे, आणि एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हे काम कुरामाए भागातले दलाल करत. पुढच्या हप्त्यावर ते उचल देत, व्याज लावत. तांदळाचा भाव पडला की सामुराईचा पगार कमी, बाकी सगळ्या वस्तूंचा भाव मात्र चढा. कनिष्ठ सामुराई घरी छत्र्या बनवत, पिंजरे विणत. १७८९ मध्ये सरकारनं जुनी कर्जं रद्द केली, तेव्हा दलालांनी नवं कर्ज देणंच आखडलं, आणि ज्यांची सोय करायची तेच अडचणीत आले. बँकेतल्या माणसाला यापुढे सांगायला नको. १८७६ मध्ये हे तांदळाचे पगार रोख्यांत बदलून बंद झाले, त्याच वर्षी तलवार लावून फिरायलाही बंदी आली, आणि पुढच्या वर्षी सात्सुमात बंड झालं.

प्रश्न : जपानी किल्ल्यांत आपल्यासारखे गोमुखी दरवाजे असतात का?
— एक दुर्गप्रेमी, विलेपार्ले

तत्त्व तेच. रायगडच्या महादरवाजात शत्रूला वळावं लागतं आणि बुरुजांच्या माऱ्याखाली यावं लागतं. जपानी किल्ल्यात दोन दरवाजे काटकोनात आणि मधे चौकोनी बंदिस्त अंगण. पहिला दरवाजा फोडून आत आलेली तुकडी तिथे अडते. हिमेजीला वाट वर चढता चढता मागे फिरते, दरवाजे अरुंद होत जातात. मोठा फरक साहित्याचा : आपला कातळ आणि चुना, त्यांचं वरचं बांधकाम लाकडाचं. म्हणून हिमेजीला आगीपासून बचावासाठी पांढऱ्या चुन्याचा जाड गिलावा आहे. पायथ्याच्या भिंती चुन्याशिवाय रचलेल्या, मागे लहान दगडांचा भराव, पाणी झिरपून जावं म्हणून. भूकंपात हाच भराव सरकतो. २०१६ च्या भूकंपात कुमामोतो किल्ल्याच्या भिंती कोसळल्या, आणि पडलेल्या दगडांवर क्रमांक घालून ते मूळ जागी बसवण्याचं काम सुरू झालं. हिमेजी १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आपले मराठा किल्ले २०२५ मध्ये आले. आपल्याकडे ढासळलेल्या भिंतींसाठी दगडांची अशी नोंद झाली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : सामुराईचं चिलखत किती जड असायचं? पावसात गंजायचं नाही का? मी सातवीत आहे.
— गोरेगाव

छान विचारलंस. जुनं घोडेस्वाराचं चिलखत सुमारे ३० किलोचं असायचं. ते लोखंडाच्या आणि चामड्याच्या छोट्या छोट्या पट्ट्यांचं, एका चिलखतात साधारण २,०००. प्रत्येक पट्टीला झाडाच्या चिकाचं चकचकीत लाखेसारखं लेपन, त्यामुळे पाणी आत जात नाही. या पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. आणि तिथेच अडचण यायची : दोरे पावसात पाणी पितात, जड होतात, लवकर वाळत नाहीत, थंडीत गोठतात, आणि लांब मोहिमेत त्यांत उवा होतात. म्हणून पुढे मोठ्या पत्र्यांचं, कमी दोऱ्यांचं चिलखत आलं. बंदुकीसमोर टिकतं हे दाखवायला काही छातीपत्र्यांवर गोळी झाडून पाहत, आणि तो खड्डा मुद्दाम तसाच ठेवत. चिलखत चढवायचं ते खालून वर : आधी नडगी, मग मांडी, हात, छाती, खांदे आणि शेवटी शिरस्त्राण. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचं पोलादी छातीचिलखत आहे. ते बघून ये आणि पट्ट्यांच्या चिलखतात हात कसा वर करता येईल, पत्र्याच्या चिलखतात कसा, याचा विचार कर.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी केंदो (जपानी तलवारबाजी) शिकू लागली आहे. बांबूची तलवार दोन महिन्यांत चिरली आणि पावसाळ्यात मुखवट्याला बुरशी आली. काय करावं?
— एक पालक, अंधेरी

आधी माप बघा. या वयाच्या मुलींसाठी लांबी ११४ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन किमान ४०० ग्रॅम असा स्पर्धेचा नियम आहे. मोठ्यांची १२० सेंटिमीटरची तलवार दिली असेल तर तोल सुटतो, फटका कडेनं लागतो आणि बांबू चिरतो.

शिनाईत, म्हणजे या बांबूच्या तलवारीत, चार पट्ट्या असतात, टोकाला चामड्याची टोपी, आत रबर, मुठीला चामड्याचं आवरण आणि पाठीवरून ताणलेली दोरी. ही दोरी ज्या बाजूला, ती पाठ. फटका नेहमी विरुद्ध बाजूनं. टोकापासून साधारण एक चतुर्थांशावर चामड्याची गाठ असते, ती बोटानं फिरवून फिरली तर सैल आहे, आवळा. गाठ सैल असली की पट्ट्या फटक्याला उघडतात आणि त्यांच्या कडा एकमेकींवर आपटून सोलतात. नवीन शिनाई आणली की ती उघडा, चारही पट्ट्यांच्या कडा बारीक काचकागदानं किंचित गोल करा, हलकं तेल चोळा, रात्रभर ठेवून पुसा आणि परत बांधा. दर सरावाआधी मऊ कापड टोकाकडून मुठीकडे आणि उलट फिरवा. धागा अडकला तिथे कुसळ आहे. बारीक कुसळ घासून काढता येतं, पण पट्टी उभी चिरली असेल तर ती पट्टी बदलायचीच, टेप लावून चालवायचं नाही. तुटलेलं कुसळ मुखवट्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतं, यात तडजोड करू नका.

मुखवटा आणि हातमोजे सराव झाल्यावर पिशवीत कोंबू नका. घरी आल्या आल्या आतून कोरड्या कापडानं पुसा, पंख्याखाली सावलीत उलटे ठेवा. उन्हात ठेवले तर निळीचा रंग उडतो आणि चामडं कडक होऊन तडकतं. बुरशी आली असेल तर ती घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं झटका, पिळलेल्या ओल्या फडक्यानं पुसा आणि दोन दिवस वाऱ्यावर सोडा. हातमोज्यांच्या तळव्याचं चामडं आधी फाटतं. छोटं भोक पडलं की लगेच शिवून घ्या, कारण भोक मोठं झालं की पूर्ण तळवाच बदलावा लागतो.